लिहायला जीव होत नाही

रेशीम, चंदन, दसरा आणि म्हैसूरपाक या चार गोष्टींवर म्हैसूरची ख्याती उभी आहे, पण नीट पाहिलं तर हे गाव शाईचं आणि कागदाचं आहे. मतदानाच्या दिवशी देशभरातल्या बोटांना लागणारी, पुसता न येणारी शाई इथल्या म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश या सरकारी कारखान्यात तयार होते. नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी १९३७ साली लाख आणि रंग यांसाठी काढलेला हा कारखाना १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून लोकशाहीची बोटं रंगवतो आहे. त्याच गावात नोटा छापणारा छापखाना आहे आणि नोटांचा कागद बनवणारी गिरणीही आहे. हा कागद लाकडाच्या लगद्याचा नाही, कापसाचा आहे. म्हणजे देशातली सर्वांत चिवट शाई आणि सर्वांत प्रतिष्ठित कागद एकाच गावचे रहिवासी, आणि तरी दोघांची भेट म्हणून होत नाही. शाई जाते नखावर. आणि नोटेवर काही लिहू नका म्हणून रिझर्व्ह बँक वर्षानुवर्षं विनवते आहे. ज्या गावचा सर्वांत चांगला कागद न लिहिण्यासाठीच तयार होतो, तिथे कोणी चिंध्या आणि रद्दी यांपासून हाताने वह्या बनवून विकायला बसलं, तर गिऱ्हाईकाने ती वही घेऊन कोरीच ठेवावी यात स्थानिक परंपरेचा मान राखण्यापलीकडे काहीच नाही.

या व्यवसायातलं गिऱ्हाईक ओळखायला सोपं असतं. दसऱ्याच्या प्रदर्शनात असो की एखाद्या शाळेच्या पटांगणातल्या रविवारच्या बाजारात, ते स्टॉलपाशी थांबतं, वही उचलतं, मुखपृष्ठावरून हात फिरवतं, आतल्या पानावर आलेला धागा किंवा वाळकी पाकळी नखाने खरवडून पाहतं आणि मग वहीचा वास घेतं. कागद हत्तीच्या शेणापासूनही होतो ही बातमी जयपूर आणि श्रीलंकेहून सर्वदूर पोहोचलेली आहे, आणि म्हैसूरला हत्तींची वाण नाही; तेव्हा वास घेण्यात सौंदर्यदृष्टी किती आणि सावधगिरी किती हे सांगणं कठीण. मग ते एक वाक्य येतं: "किती सुंदर आहे हो, लिहायला जीवच होणार नाही!" दुकानदार हे प्रशस्तिपत्र समजून हसतो. वास्तविक त्याने त्या क्षणी गल्ला बंद करून विचाराला बसायला हवं. ज्या वहीत लिहायला जीव होत नाही ती वही संपत नाही, आणि जी संपत नाही तिच्या जागी दुसरी कोणी घेत नाही. नवरात्रात सरस्वतीपूजनाला वह्या-पुस्तकं मांडली की विजयादशमीपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही रीत म्हैसूरकडेही आहे आणि आपल्याकडेही. या वहीला तो मान बारा महिने मिळतो. माझं म्हणणं एवढंच आहे की टाकाऊतून केलेल्या हातबनावटीच्या वह्यांचा खरा शत्रू गिरणीचा स्वस्त कागद नाही, मोबाईल नाही आणि सरकारही नाही; गिऱ्हाईकाच्या मनातली भीड हा तो शत्रू आहे, आणि ती भीड बरीचशी विकणाऱ्यानेच घातलेली आहे.

ही भीड जुनी म्हणावी, तर इतिहास तसं सांगत नाही. कागदाचा जन्मच मुळी रद्दीतला. इसवी सन १०५ मध्ये चीनच्या दरबारात त्साय लुनने सादर केलेला कागद झाडाची साल, जुन्या चिंध्या आणि फाटकी मासेमारीची जाळी कुटून केलेला होता, असं परंपरा सांगते. झाडं तोडून, त्यांचा लगदा करून कागद काढण्याची युक्ती युरोपात १८४० च्या दशकातली. म्हणजे आज ज्याला आपण 'रिसायकल्ड' म्हणून वेगळ्या मांडणीवर ठेवतो तोच मूळचा कागद, आणि ज्याला नुसता कागद म्हणतो तो काल आलेला पाहुणा. आपल्याकडेही दौलताबाद-खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला कागदी लोक शतकानुशतकं हेच करत होते: चिंध्या, दोर, गोणपाट कुजवायचे, कुटायचे, हौदात कालवायचे, चाळणीवर झेलायचे, वाळवायचे आणि दगडाने घोटून चकचकीत करायचे. या कागदावर मराठी राज्याचा कारभार चालला. पण तो कागद हाती आल्यावर एखाद्या कारकुनाने त्याचा वास घेऊन "लिहायला जीव होत नाही, पंत" असं म्हटल्याचं पेशवे दफ्तराच्या हजारो रुमालांत कुठे आढळायचं नाही. त्याने त्यावर मोडीत, हात न उचलता, घोड्यांची चंदी आणि कोठीतलं तूप लिहिलं. हातकागद म्हणजे तेव्हा नुसता कागद होता. तो वापरला जात होता म्हणूनच कागदी लोकांची चूल पेटत होती.

पुढे गिरण्या आल्या, कागदी लोकांचे हौद कोरडे पडले, आणि १९३४ साली वर्ध्याला गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला तेव्हा हातकागदाचा पुन्हा विचार सुरू झाला. संघाचं काम पाहणाऱ्या जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली वर्ध्याच्याच मगनवाडीत जे उद्योग चालत त्यांत कागदही होता. त्या कामात मुरलेल्या के. बी. जोशी यांनी १९४० साली पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी केली. तिच्या शेजारचा रस्ता आजही त्यांचं नाव सांगतो. या सगळ्या मंडळींच्या डोक्यात कागदाचं सौंदर्य दुसऱ्या क्रमांकावर होतं. स्वतः गांधीजी आलेली पाकिटं उलटी फाडून त्यांच्या कोऱ्या बाजूवर मजकूर लिहीत. मराठी घरात तर यासाठी महात्म्याची गरजच नव्हती. पाठकोरे कागद हा आपल्याकडचा एक स्वतंत्र मालमत्तेचा प्रकार आहे. मे महिन्यात जुन्या वह्यांतली उरलेली पानं काढायची, दाभणाने भोकं पाडायची, जाड दोऱ्याने शिवायची, वरून मागच्या दिवाळीच्या कॅलेंडरचा गुळगुळीत कागद चढवायचा, की जूनसाठी कच्ची वही तयार. आज ज्याला 'अपसायकल्ड जर्नल' म्हणतात ते हेच. फरक इतकाच की कच्च्या वहीत लिहिताना कोणाचाही हात थरथरला नाही; गणितं चुकण्यासाठीच ती जन्माला आलेली असे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो स्टॉलसमोर उभ्या असलेल्या काकांचा असतो: रद्दीचीच आहे ना, मग इतकी महाग कशी? प्रश्न रास्त वाटतो, कारण रद्दीचा भाव प्रत्येक घराला तोंडपाठ आहे. पण रद्दी स्वस्त असते ती रद्दी असेपर्यंत. होजिअरीच्या कारखान्यांतून येणारी सुती कात्रणं आधी निवडावी लागतात. त्यांतलं इलॅस्टिक, नायलॉन आणि चुकार बटण काढून टाकावं लागतं, नाहीतर ते बटण पुढे कोणाच्या तरी कवितेच्या मध्यात उगवतं. मग तुकडे करायचे, बीटरमध्ये तासन्‌तास फिरवायचे, लगदा हौदात सोडायचा, साच्यावर एक एक ताव उचलायचा, कापडावर उलटवायचा, दाबयंत्रात पिळायचा, दोरीवर वाळत घालायचा, पत्र्यांमध्ये दाबून सपाट करायचा, कापायचा, दुमडायचा, शिवायचा. पावसाळ्यात वाळत घालण्याची पायरी आठवडाभर लांबते, आणि म्हैसूरला नैऋत्य आणि ईशान्य असे दोन्ही मोसमी पाऊस थोडे थोडे हजेरी लावून जातात. गिरणीत जे काम एका टोकाला लगदा घालून दुसऱ्या टोकाला रीळ गुंडाळण्याइतक्या वेळात होतं, ते इथे माणसांच्या दिवसांत मोजावं लागतं. तेव्हा किंमत आहे ती हातांची. मात्र काकांचं अर्धं म्हणणं मान्य करायला हवं. वहीवर चारशे रुपयांची चिठ्ठी लागली की पहिल्या पानावर लिहिण्याआधी माणूस आपल्या विचारांची किंमत करू लागतो, आणि चारशे रुपयांच्या लायकीचा विचार आपल्यापैकी बहुतेकांना आठवड्यातून एखाद्या वेळीही येत नाही. किंमत न्याय्य आहे, पण तिने जी भीड वाढते तिचा हिशेब कोणीच धरलेला नाही.

दुसरा आक्षेप व्यापारी बुद्धीच्या माणसाचा. तो म्हणेल, वही विकली गेली, पैसे आले. मग गिऱ्हाईकाने तीत लिहिलं काय किंवा उशाशी घेऊन झोपलं काय, तुम्हाला काय करायचंय? ही वही भेट म्हणून चालते ना, मग भेटवस्तूचाच धंदा करा. हे ऐकायला शहाणपणाचं आहे, पण भेटीच्या वहीचा प्रवास पाहिला की त्यातली खोच कळते. ती वही वाढदिवसाला मिळते. मिळालेल्याचा लिहायला जीव होत नाही, म्हणून ती कपाटात जाते. तीन महिन्यांनी दुसऱ्या कोणाचा वाढदिवस येतो आणि ती कोरीच असल्यामुळे निर्धास्तपणे पुढे पाठवता येते. अशा रीतीने एकच वही एका पंचक्रोशीतले चार वाढदिवस, एक निरोप समारंभ आणि एक वास्तुशांत उरकते. पुनर्वापराचं हे अत्युच्च उदाहरण आहे, पण त्यात दुकानदाराच्या पेटीत पैसे पडले ते एकदाच. ज्या तत्त्वाचा त्याने पाठीमागच्या चिठ्ठीवर प्रचार केला, त्याच तत्त्वाने त्याचा घात केला. राहिला कंपन्यांचा दिवाळी-नववर्षाचा घाऊक माल. तिथे वही मोठ्या संख्येने जाते, तिच्यावर कंपनीचं चिन्ह उमटतं, आणि पैशांसाठी दुकानदार वाट पाहत बसतो. लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा कायदा सांगतो; पण ४५ दिवस नेमके कधीपासून मोजायचे यावर प्रत्येक कंपनीच्या हिशेब विभागात एक स्वतंत्र पंचांग असतं. शिवाय ती वही ज्या कर्मचाऱ्याला मिळते, तो तिचं काय करतो हे वर आलेलंच आहे.

वस्तू वापरातून उठून शोभेत गेली की तिच्या धंद्याचं काय होतं याचा पुरावा म्हैसूर आणि सावंतवाडी या दोन्ही गावांनी आधीच देऊन ठेवला आहे. गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते. चिंध्यांवर चिंचोक्याची खळ लावून थरावर थर चिकटवायचे, गोल कापायचे, रंगवायचे, वर लाखेचा हात द्यायचा. म्हणजे टाकाऊतून टिकाऊचाच हा नमुना. म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वडियारांना या खेळाचं इतकं वेड की 'श्रीतत्त्वनिधी' या ग्रंथात त्यांनी नवनवे खेळ नोंदवले, त्यांतला चामुंडेश्वरीचा डाव ३२० पानांचा आहे. चौघांत वाटायची झाली तरी एकेकाच्या हातात ऐंशी पानं. खेळापेक्षा पानं धरण्याचाच व्यायाम अधिक. सावंतवाडीत दशावतारी गंजिफा १२० पानांची. जोवर लोक खेळत होते तोवर पानं मळत, फाटत, हरवत, आणि चिताऱ्याला नवा जोड रंगवावा लागे. मग छापील पत्ते आले. ते स्वस्त होते हे खरं आणि त्यांनीच गंजिफेला मारलं हेही खरं; पण नंतर जी गंजिफा उरली ती चौकटीत बसवलेली. सावंतवाडीत शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती कला पुन्हा जिवंत केली हे मोठं काम, आणि आज दोन्ही गावांच्या गंजिफेला भौगोलिक मानांकनही आहे. पण चौकटीतलं पान मळत नाही, फाटत नाही, हरवत नाही. घरटी एक जोड खपला की पुढची पन्नास वर्षं त्या घराकडून चिताऱ्याने काही अपेक्षा ठेवू नये.

याच वंशातला अलीकडचा अवतार म्हणजे बियांचा कागद. लगद्यात तुळशीच्या, झेंडूच्या बिया घालायच्या, त्यावर लग्नपत्रिका छापायची, आणि खाली बारीक अक्षरात लिहायचं की समारंभानंतर ही पत्रिका कुंडीत लावावी. कल्पना निर्दोष आहे. तिने फक्त आपल्याकडची पत्रिका विचारात घेतलेली नाही. पत्रिकेवर गणपती असतो. कुलदैवत असतं. चार कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेलं असतं. आता हे सगळं मातीखाली कसं घालायचं? साधी पत्रिकासुद्धा टाकवत नाही म्हणून घरोघरी ती आधी देवघराच्या मागे, मग फोनच्या टेबलाखाली आणि शेवटी गणपतीचा भाग कात्रीने वेगळा काढून उरलेली रद्दीत, असा तीन टप्प्यांचा प्रवास करते. बियांची पत्रिका त्याच रांगेत जाऊन बसते. फरक एवढाच की हिला पावसाळ्यात कधीतरी देवघराच्या मागेच कोंब फुटण्याची शक्यता असते. इथेही दोष बियांचा नाही. वस्तू इतकी पुण्यवान करून ठेवली की तिचा उपयोग करणं म्हणजे पाप वाटू लागतं, हा खरा दोष.

तिसरा आक्षेप सर्वांत लोकप्रिय आहे: हल्ली हाताने लिहितं कोण? सगळं फोनवर. हा आक्षेप घेणाऱ्याने स्वयंपाकघरात एक चक्कर मारावी. १९७३ पासून कालनिर्णयच्या चौकोनांत दुधाच्या पिशव्या, गॅसच्या तारखा आणि कामवाल्या मावशींचे खाडे भरले जाताहेत, ते अजून चालूच आहे. इन्शुरन्सवाल्याने दिलेल्या डायरीत दिवाळीच्या चकलीचं प्रमाण असतं. बँकेचे पासवर्ड, जे कुठेही लिहू नयेत असं बँक सांगते, ते कुठे लिहिलेले असतात हे घरातल्या सर्वांना ठाऊक असतं. वाणसामानाची यादी रक्ताच्या रिपोर्टाच्या पाकिटावर आणि प्लंबरचा नंबर नाटकाच्या तिकिटामागे. लिहिणारे आहेत, लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते रोज लिहिलं जातं. ते लिहिलं जात नाही फक्त त्या सुंदर वहीत, कारण चांगल्या कपबशा जशा कधीच न येणाऱ्या पाहुण्यांसाठी शोकेसमध्ये राहतात, तशी ही वही कधीच न सुचणाऱ्या विचारांसाठी राखून ठेवलेली असते. म्हैसूरच्या गोकुलम भागात योगासनं शिकायला येणाऱ्या परदेशी मंडळींना ही वही विकणं सोपं जातं, कारण आज श्वास कुठपर्यंत गेला हे लिहिणं त्यांना वहीच्या योग्यतेचं वाटतं. आपल्याला श्वासापेक्षा शेपूचा भाव महत्त्वाचा, आणि शेपू हातकागदावर लिहायचा नसतो अशी आपली समजूत.

चौथा आक्षेप गंभीर आहे. अशा चार वह्यांनी पर्यावरणाचं काय भलं होणार? खरं सांगायचं तर फार नाही. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात म्हैसूर ७३ शहरांत पहिलं आलं ते वह्यांमुळे नव्हे. पहाटे गाड्या ढकलणाऱ्या पौरकार्मिकांमुळे, म्हणजे सफाई कामगारांमुळे, आणि कुंबारकोप्पलसारख्या ठिकाणी ओला-सुका कचरा हाताने वेगळा करणाऱ्या माणसांमुळे. हातकागदाच्या एका छोट्या कारखान्यात जेवढ्या चिंध्या खपतात त्याच्या कितीतरी पट होजिअरीच्या गावांत रोज निघतात. तरीही या वहीचा उपयोग आहे, पण एका अटीवर: तिने गिरणीच्या एका वहीची जागा घेतली पाहिजे. नेहमीची वही नेहमीसारखी घेतली आणि शिवाय ही कपाटात ठेवली, तर झाड वाचलं नाही, चिंध्यांची विल्हेवाट लागली नाही. त्या फक्त जास्त देखण्या रूपात आपल्या घरी राहायला आल्या. न वापरलेली पुनर्वापराची वस्तू ही मुदतवाढ मिळालेली रद्दी असते. म्हणजे धंद्याचं हित आणि पृथ्वीचं हित इथे अगदी एका बिंदूवर येतात, असा योग व्यापारात क्वचित. वही भरली तरच दोघांचंही भागतं.

तेव्हा विकणाऱ्यांनी थोडं धैर्य दाखवायला हवं. पहिल्या पानावर वाळकी फुलं चिकटवण्याऐवजी तिथे आधीच 'दूध १ लिटर' छापून ठेवावं. पहिलं पान एकदा बिघडलं की पुढच्या पानांना प्रतिष्ठा उरत नाही आणि माणूस मोकळेपणाने लिहू लागतो. जाड पुठ्ठा, रेशमी दोरी आणि पितळी बटण काढून पातळ, स्वस्त, खिशात मावणारी वही करावी, आणि भरलेली वही परत आणणाऱ्याला नवीवर सूट द्यावी. तिचा लगदा होतोच. मालाला डायरी किंवा जर्नल म्हणण्याचा मोह आवरून खरोखरीची वहीच करावी, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्यांवरचा जीएसटी शून्य झाला आहे आणि डायरीवरचा नाही. सरकारलासुद्धा वापरातली वही अधिक प्रिय आहे असं निदान या एका बाबतीत म्हणता येईल. आणि वाचकहो, तुमच्या कपाटात भेट आलेली अशी एक तरी वही आहे. ती आता आणखी कोणाच्या वाढदिवसाला पाठवू नका. तिच्या पहिल्या पानावर आजच्या भाजीचा हिशेब लिहा, चुकला तर खोडा, आणि ती भरली की दुसरी विकत घ्या.